खासगी वाहनतळाचा दंड: नगरविकास मंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,



मंत्र्यांस उद्देशून जाहीर पत्र लिहावे असे विषय आमच्या विदर्भात थोडे नाहीत. आणि कापसाचा भाव, सिंचनाचा अनुशेष व तरुणांची बेकारी हे प्रश्न दाराशी उभे असताना, एका मोठ्या बाजारसंकुलाच्या तळघरात मोटार उभी केल्याबद्दल वसूल झालेल्या 200 रुपयांची फिर्याद घेऊन आपल्यापुढे यावे, हे प्रथमदर्शनी क्षुद्रपणाचे वाटेल, याची मला जाणीव आहे. तरीही हे पत्र लिहीत आहे. रक्कम मुद्दाम इतकी लहान ठेवलेली आहे, की तिच्यासाठी कोणीही शहाणा मनुष्य कोर्टाची पायरी चढणार नाही. आणि कोणी चढणार नाही या भरवशावरच ही वसुली दररोज बिनबोभाट चालू आहे. ती ज्या जागांवर चालते त्या जागा आपल्या खात्याच्या नियमावलीने निर्माण केलेल्या आहेत, म्हणून पत्र आपल्या नावे.

हकीकत अशी. आर्वी, आष्टी आणि कारंजा या तीन तालुक्यांतील माणसाला मोठी खरेदी करावयाची झाली, म्हणजे वर्धा, अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते. घरच्या लग्नाचा बस्ता काढण्यासाठी आम्ही असेच नागपूरच्या एका विस्तीर्ण संकुलात गेलो. बस्ता म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको: नवरीचा शालू, वरमाईची साडी, मानपानाची लुगडी, आहेराचे कापड, आणि प्रत्येक वस्त्रावर घरातील प्रत्येक स्त्रीचे स्वतंत्र व ठाम मत. काम लांबले, आणि ते लांबण्यात दुकानांचा तोटा काहीच नव्हता, कारण जो जो वेळ गेला तो तो बिलाचा आकडा वाढतच गेला. बाहेर पडताना मात्र, आत शिरतेवेळी 40 रुपये देऊन घेतलेली चिठ्ठी दाखविली, तेव्हा दारावरच्या पोराने तिच्या पाठीवरचा, भिंगाखेरीज वाचता न येणारा मजकूर बोटाने दाखविला. चार तासांहून अधिक काळ वाहन उभे राहिल्यास 200 रुपये दंड, आणि त्याविषयी कोणतीही तक्रार विचारात घेतली जाणार नाही, असा तो मजकूर होता. खरेदीची बिले दाखविली; त्यांचा उपयोग झाला नाही. मागे मोटारींची रांग लागलेली, भोंगे वाजू लागलेले, आणि मोटारीत लहान मूल रडत असलेले, अशा स्थितीत मनुष्य न्यायशास्त्राचा काथ्याकूट करीत नाही, पैसे देतो. मीही दिले. पावती मागितली तेव्हा हाती आला तो एक कागदाचा कपटा, ज्याच्यावर ना वसूल करणाऱ्याचे नाव होते, ना वस्तू व सेवा कराचा नोंदणी क्रमांक.

त्या पोराशी माझे भांडण नाही. दिवसभर धूर गिळीत तळघराच्या तोंडाशी उभा राहणारा तो नोकर, दंड ठरविणारा नव्हे, आणि शिव्या खाण्याचे काम त्याच्या पगारात धरलेले असेल असेही वाटत नाही. पण ज्यांनी तो दंड ठरविला, ते कोण, हे शोधू गेलो तेव्हा विलक्षण अनुभव आला. रीतसर अर्ज केला. दुकानाने कळविले, की वाहनतळाशी आमचा संबंध नाही, तो मक्त्याने दिलेला आहे. मक्तेदाराने कळविले, की दर आणि दंड संकुलाच्या व्यवस्थापनाने ठरविलेले असून आम्ही केवळ वसुली करतो. व्यवस्थापनाने अर्ज परप्रांतातील आपल्या मुख्य कचेरीकडे धाडला, आणि त्या कचेरीने अत्यंत सौजन्यपूर्ण भाषेत उत्तर दिले, की आपण प्रवेश केला त्याच क्षणी अटी मान्य केल्या आहेत, सबब रक्कम परत करता येत नाही. ज्याने दंड केला त्याच्याचकडे दाद मागावी, आणि त्याने ती फेटाळली की प्रकरण निकालात निघाले, असा न्याय संस्थानी अमलातसुद्धा निदान उघडपणे कोणी सांगितला नसता.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो, आणि तो असा, की ही जागा संकुलाच्या मालकाजवळ आली कोठून? जमीन त्याची, हे खरे. पण त्या जमिनीचा तेवढा भाग वाहनांसाठी मोकळा ठेवणे ही त्याची उदारता नव्हे. आपल्या खात्याने 2 डिसेंबर 2020 रोजी मंजूर केलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जी मुंबई आणि काही थोडी क्षेत्रे वगळता राज्यातील बहुतेक शहरांना, आणि म्हणून आमच्या आर्वीच्या नगरपरिषदेलाही, लागू आहे, तिच्यात वाहनतळावर एक संपूर्ण प्रकरण आहे. मोटारीला 2.5 मीटर रुंद व 5 मीटर लांब आणि दुचाकीला 1 मीटर रुंद व 2 मीटर लांब जागा, अशा मापाने, इमारतीचा उपयोग आणि क्षेत्र पाहून किती वाहनांची सोय केली पाहिजे, ते तीत ठरवून दिलेले आहे. ही सोय नकाशावर दाखविल्याखेरीज बांधकामाची परवानगी मिळत नाही. आणि ती दाखविल्याबद्दल मालकाला मोबदला मिळत नाही असेही नाही, कारण वाहनतळासाठी राखलेले आच्छादित क्षेत्र चटई क्षेत्राच्या हिशेबात धरले जात नाही. म्हणजे तळघरात मोटारींना जागा दिली तरी वरच्या मजल्यांवर विक्रीस मिळणारे क्षेत्र तिळभरही घटत नाही.

एवढी सवलत सार्वजनिक खजिन्याने, किंवा अधिक नेमके बोलावयाचे तर शहराच्या अवकाशाने, का सोसावी? एवढ्यासाठीच, की संकुलात येणाऱ्या शेकडो वाहनांनी समोरचा रस्ता अडवू नये. ज्या अटीवर परवानगी मिळाली त्या अटीचा हेतू हा असेल, तर त्या जागेवर मनास येईल तेवढे शुल्क आणि त्यावर मनास येईल तेवढा दंड लावणे म्हणजे वाहने पुन्हा रस्त्यावर ढकलणे होय. आणि घडते नेमके तसेच. तळघर अर्धे रिकामे असते, बाहेर दुचाकींची दुहेरी रांग लागते, वाहतूक पोलिसांचे वाहन येऊन त्या उचलून नेते, आणि ज्या गृहस्थाने आत 20 रुपये वाचविले तो चौकीवर त्याच्या कितीतरी पट भरून घरी जातो. रस्त्यावर सोडलेले वाहन हलविण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियमाने गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याच्या हुकमावर सोपविला आहे, आणि तेथे केलेल्या दंडाची पावती निदान सरकारच्या नावाची असते.

इमारतीतील वाहनतळ हा मालकाने स्वतंत्रपणे विकावयाचा माल आहे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो आपल्याच राज्यातून. दहिसर पूर्वेच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात 31 ऑगस्ट 2010 रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की इमारतीच्या खांबांखालची वाहनांची जागा बांधकाम व्यावसायिकास स्वतंत्र सदनिकेप्रमाणे विकता येत नाही, ती रहिवाशांच्या सामाईक सोयींपैकी आहे. तो वाद निवासी इमारतीचा आणि सदनिकांच्या कायद्याचा होता, बाजारसंकुलाचा नव्हता, आणि त्याला ओढूनताणून येथे बसविण्याचा माझा आग्रह नाही. परंतु जी जागा नियमाने ठेवावयास लावली आहे, तिच्यावर मालकाचे स्वामित्व निरंकुश नसते, हा विचार त्या निर्णयाच्या मुळाशी आहे.

बाजारसंकुलांच्या बाबतीत उच्च न्यायालयांचे मत एक झालेले नाही. गुजरातेत एकल न्यायाधीशांनी पहिला तास विनामूल्य ठेवून पुढे शुल्क घेण्यास मुभा दिली होती; ती मुभाही जुलै 2019 मध्ये तेथील खंडपीठाने काढून घेतली, आणि वाहनतळ देणे हे नियमाने लादलेले कर्तव्य असल्यामुळे त्याचे पैसे घेता येत नाहीत असा निर्वाळा दिला. उलट केरळात, एर्नाकुलमच्या लुलू मॉलविरुद्धच्या प्रकरणात प्रारंभी न्यायालयाचा प्रथमदर्शनी कौल ग्राहकाच्या बाजूचा असूनही, 2025 मध्ये अंतिम निर्णय असा झाला, की नगरपालिकेचा परवाना असल्यास मालकाला शुल्क घेता येते. आपल्या पुण्यात महानगरपालिकेच्या शहर सुधारणा समितीने जून 2019 मध्ये ठराव केला, की मॉल आणि बहुपडदा चित्रपटगृहांतील वाहनतळ विनामूल्य असावेत. ठराव वृत्तपत्रांत गाजला. पण समितीच्या ठरावाला राज्याच्या नियमाचे बळ नसते, आणि असल्या ठरावांचे आयुष्य बहुधा वृत्तपत्राच्या रद्दीइतकेच असते.

सर्वांत सुबुद्ध मार्ग काढला तो आमच्या शेजारच्या तेलंगणाने, आणि तो कोर्टातून नव्हे, आपल्यासारख्याच एका नगरविकास खात्याच्या हुकमातून. 20 मार्च 2018 च्या त्या शासन आदेशाप्रमाणे पहिला अर्धा तास कोणासही विनामूल्य आहे. अर्ध्या तासापासून एक तासापर्यंत, कोणत्याही रकमेचे बिल दाखविणाऱ्यास विनामूल्य आहे. आणि त्यापुढे, ज्याच्या खरेदीचे बिल वाहनतळाच्या शुल्काहून अधिक आहे त्यास विनामूल्य आहे. या तीन वाक्यांत खरा ग्राहक आणि फुकट मोटार ठेवून भलतीकडे जाणारा मनुष्य यांच्यातील भेद किती सहजपणे केलेला आहे पाहावा. बस्ता काढावयास आलेल्या कुटुंबाला या नियमाखाली एक पैसाही द्यावा लागला नसता. आणि तळघरात गाडी टाकून दिवसभर न्यायालयात किंवा आगगाडीने परगावी जाणाऱ्या गृहस्थास मात्र पूर्ण शुल्क पडले असते.

मालकांच्या बाजूने जे बोलले जाते ते मी टाळू इच्छीत नाही, कारण त्यात तथ्य आहे. तळघराला दिवे लागतात, हवा खेळती ठेवावी लागते, पहारेकरी लागतो, आणि स्थानकाजवळचे वाहनतळ सर्वस्वी विनामूल्य ठेवले तर सकाळी दहापूर्वीच ते परक्या मोटारींनी भरून जाईल, यात संशय नाही. खासगी मालमत्तेवर येणाऱ्यास मालकाने वाजवी अटी घालाव्यात, या तत्त्वाला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये चित्रपटगृहांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्याच्या वादात मान्यता दिलेली आहे, आणि तेथेही पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य द्यावे लागेल ही मर्यादा न विसरता घातली आहे. म्हणून वाजवी भाडे घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. तासाला अमुक रुपये, असा दर दारावर लावावा. ज्याला परवडेल तो आत जाईल.

परंतु भाडे निराळे आणि दंड निराळा. दंड करणे हा राजसत्तेचा अधिकार आहे, आणि तिलाही तो कायद्याने, अपिलाची तजवीज ठेवून वापरावा लागतो. खासगी मनुष्याला दुसऱ्या खासगी माणसापासून मिळू शकते ती झालेल्या नुकसानीची भरपाई. भारतीय करार अधिनियम 1872 चे 74 वे कलम हेच सांगते: करारात भंगाबद्दल काही रक्कम आधीच लिहून ठेवलेली असली, तरी मिळेल ती त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई. आणि कैलास नाथ असोसिएट्सच्या प्रकरणात 9 जानेवारी 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नुकसान मुळात झालेच नसेल तर या कलमाखाली भरपाईही नाही. लिहिलेली रक्कम वाजवी अंदाज म्हणून धरावयाची ती नुकसान झालेले असून मोजता येणे कठीण असेल तेव्हा. आता पाचव्या तासात माझी मोटार त्या तळघरात उभी होती त्यामुळे मालकाचे नुकसान काय झाले? त्याच्या दराने फार तर एका तासाचे भाडे बुडाले असेल. ते भाडे मी आनंदाने दिले असते.

योगायोग असा, की त्याच 2015 साली, 4 नोव्हेंबर रोजी, विलायतेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नावर अगदी उलट दिशेचा निर्णय दिला. चेम्सफर्ड गावच्या रिव्हरसाइड रिटेल पार्क या दुकानांच्या वाहनतळावर दोन तास विनामूल्य होते. एका गृहस्थाची मोटार एप्रिल 2013 मध्ये त्याहून 56 मिनिटे अधिक राहिली, आणि पार्किंगआय या कंपनीने त्याच्याकडे 85 पौंड मागितले. गृहस्थ हट्टाने लढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि हरला. सात न्यायाधीशांपैकी सहांनी ठरविले, की जागा वेळेवर मोकळी होत राहावी यात कंपनीचे रास्त हितसंबंध आहेत आणि 85 पौंड ही रक्कम त्या हिताच्या मानाने अवाजवी नाही. एकट्या लॉर्ड टुल्सन यांनी विरुद्ध मत नोंदविले. कायद्याच्या अभ्यासकांना या निर्णयाचे मोठे कौतुक वाटते; मला वाटत नाही. ज्या दंडात नुकसान सिद्ध करण्याची गरजच उरत नाही, तो व्यापार होतो, आणि विलायतेत तो तसा झालेला आहे. दारावर माणूस नसतो, यंत्र मोटारीचा क्रमांक टिपते, आणि आठवड्याने दंडपत्र टपालाने घरी येते. आपल्यापैकी कित्येकांची मुले तिकडे आहेत. त्यांना विचारून पाहावे.

तथापि त्याच देशाकडून घेण्यासारखेही काही आहे. जेथे खासगी वाहनतळाचा धंदा एवढा माजला, तेथील संसदेने निदान त्याच्या मागे मागे धाव घेतली. 2012 च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये खासगी जमिनीवर मोटारीच्या चाकाला साखळदंड घालणे 1 ऑक्टोबरपासून गुन्हा ठरविले. दंडपत्र किती दिवसांत पोचले पाहिजे आणि त्यात काय काय लिहिलेले पाहिजे ते बांधून दिले. आणि त्याच दिवसापासून, कंपनीने अर्ज फेटाळल्यास ज्याच्याकडे नागरिकाला विनाशुल्क अपील करता येईल, असा तिऱ्हाईत लवाद सुरू झाला. 2019 मध्ये या व्यवसायासाठी सरकारी आचारसंहिता करण्याचा स्वतंत्र कायदा झाला. ती संहिता फेब्रुवारी 2022 मध्ये प्रसिद्ध होऊन, कंपन्यांनी न्यायालयात हरकत घेतल्यामुळे, जूनमध्ये मागे घ्यावी लागली, हा त्या कथेचा शोचनीय भाग आहे. पण अपिलाचे दार मात्र उघडे आहे. आपल्याकडे दंड आला, दार आले नाही.

ग्राहक आयोग आहेत, असे आपले अधिकारी म्हणतील. आहेत खरे. 24 डिसेंबर 1986 च्या ग्राहक कायद्याने या देशात खरोखरच एक नवे युग आणले, आणि त्याच्यामागे बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात उभ्या केलेल्या ग्राहक पंचायतीच्या चळवळीचे श्रम होते, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. 2019 च्या नव्या कायद्याने तर ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे नागपूरच्या संकुलाविरुद्ध मी वर्ध्यास जाऊ शकतो, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही. त्या कायद्यात अनुचित कराराची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत झालेल्या नुकसानीच्या मानाने सर्वथा विषम असा दंड ग्राहकावर लादणे, हे लक्षण जणू माझी चिठ्ठी समोर ठेवूनच लिहिलेले आहे. पण पुढे वाचावे. अनुचित कराराची तक्रार ऐकण्याचा आणि त्यातील अट रद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला दिलेलाच नाही. तो राज्य आयोगापासून वर सुरू होतो. वर्ध्यास मला फार तर अनुचित व्यापारी प्रथा म्हणून आपले 200 रुपये मागता येतील. चिठ्ठीच्या पाठीवरची अट रद्द करवून घ्यावयाची तर राज्य आयोगाकडे जावे लागेल, आणि तारखांना हजर राहण्याच्या एका फेरीतच मूळ रक्कम एसटीच्या तिकिटात संपेल. एका 18 रुपयांच्या पिशवीचा वाद बिग बाजारविरुद्ध राष्ट्रीय आयोगापर्यंत गेला आणि डिसेंबर 2020 मध्ये ग्राहक जिंकला, हे मला ठाऊक आहे, आणि त्या ग्राहकाच्या चिकाटीला मी वंदन करतो. परंतु राज्यकारभार अशा असामान्य माणसांच्या भरवशावर चालवावयाचा नसतो.

पैसे घेऊन वर जबाबदारीही नाकारावयाची, हा याच प्रकरणाचा दुसरा पैलू. त्या चिठ्ठीवर दंडाच्या खालीच, वाहन मालकाने आपल्या जोखमीवर ठेवावे, असेही वाक्य होते. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या नोकराकडे किल्ली सोपविल्यावर 1998 मध्ये चोरीस गेलेल्या मोटारीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने 14 नोव्हेंबर 2019 रोजी सांगितले, की असे वाक्य छापले म्हणून ताब्यात घेतलेल्या वाहनाची वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य टळत नाही. तेथे किल्ली सोपविलेली होती, येथे नव्हती, हा फरक आहे. पण भाडे घेताना आपण रखवालदार, वाढीव वेळ झाल्यावर न्यायाधीश, आणि चोरी झाल्यावर कोणीच नाही, ही तिहेरी भूमिका कोणत्याही नियमावलीने फार काळ चालू देऊ नये.

आर्वीच्या माणसाला ही भूमिका मुळीच अपरिचित नाही. आमचे गाव कापसाच्या बाजारावर वाढलेले. शेतकरी गाडी घेऊन बाजारात आला, की मापाई, हमाली, नमुना, धर्मादाय आणि कडता अशा नावांनी त्याच्या मालाला जी गळती लागे, तिच्यातील कशाला आधार होता आणि कशाला नव्हता, हे त्याला कळत नसे. आणि कळले तरी संध्याकाळच्या आत गावी परतण्याची घाई असल्यामुळे तो निमूटपणे सोशीत असे. खरेदीदाराच्या दारात उभा असलेला शेतकरी आणि तळघराच्या फाटकात अडकलेला मोटारवाला यांची लाचारी एकाच जातीची आहे: दोघांनाही पुढे जावयाचे असते, आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असते. यावर राज्याने काय केले? 1963 च्या कृषि उत्पन्न पणन अधिनियमाने, नियमात सांगितलेल्याखेरीज कोणतीही सूट किंवा कपात घेण्यास मनाई केली, बाजार आकारणी ठरवून दिली, आणि भाव, वजन व कपात यांवरून होणारे तंटे बाजार समितीच्या पातळीवरच मिटविण्याची तरतूद केली. बाजार समित्यांचा कारभार आदर्श आहे असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. त्यांच्यावर स्वतंत्र पत्र लिहिता येईल. पण तत्त्व पक्के होते: आकारणी ठरलेली असावी, ती सर्वांना दिसावी, आणि तंटा तेथल्या तेथे ऐकला जावा. कापसाच्या गाडीला त्या अधिनियमाने जे मिळाले, ते मोटारीला आज मिळू नये, याचे कारण मला सापडत नाही.

आणि निकड आताच आहे. फाटकात माणूस उभा आहे तोवर त्याच्याशी निदान बोलता येते. पण मोटारीच्या काचेवरील फास्टॅगमधून वाहनतळाचे पैसे परस्पर वळते करण्याची व्यवस्था काही ठिकाणी सुरू झाली आहे, आणि ती सर्वत्र होणार हे उघड आहे. सोय म्हणून तिचे स्वागतच आहे. परंतु ज्या दिवशी भाड्याबरोबर दंडही असाच परस्पर वळता होईल, त्या दिवशी नकार देण्याची, हुज्जत घालण्याची, किंवा बिल दाखविण्याची वेळच माणसाला मिळणार नाही. पैसे गेल्याचा निरोप भ्रमणध्वनीवर येईल, तोही घरच्या वाटेवर पुलगावच्या पुढे आल्यावर. यंत्र बसण्यापूर्वी नियम बसला पाहिजे. मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवरचा पथकर हलक्या वाहनांना ऑक्टोबर 2024 मध्ये एका निर्णयाने माफ करणाऱ्या शासनाला हे अवघड नाही. आणि येथे तर खजिन्यातून एक रुपयाही द्यावयाचा नाही.

मागणी मोठी नाही. वाहनतळ किती असावा हे नियमावलीने ज्या बारकाईने सांगितले आहे, त्याच बारकाईने तो कोणत्या अटीवर वापरू द्यावा हेही तिने सांगावे. तेलंगणाप्रमाणे, बिल दाखविणाऱ्या ग्राहकाला खरेदीच्या वेळेपुरते शुल्क नसावे. इतरांना तासाचा दर असावा आणि तो प्रवेशद्वाराबाहेर, मोटार आत वळविण्यापूर्वी वाचता येईल अशा मराठी अक्षरांत लावलेला असावा. वेळ अधिक झाल्यास त्याच दराने भाडे घ्यावे; त्याहून एक पैसाही दंड म्हणून घेण्यास मनाई असावी. पावतीवर मालक व मक्तेदार या दोघांची नावे, पत्ता आणि कर नोंदणी क्रमांक असावा, म्हणजे अर्जदाराला एका दारातून दुसऱ्या दारात हेलपाटे घालावे लागणार नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे: नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांनी व महानगरपालिकेत आयुक्तांनी नेमलेला एक अधिकारी असावा, ज्याच्याकडे तीस दिवसांच्या आत साध्या कागदावर, टपालाने किंवा भ्रमणध्वनीवरून, अपील करता येईल, रक्कम नियमाप्रमाणे घेतली हे सिद्ध करण्याचा भार घेणाऱ्यावर असावा, आणि ती चुकीची ठरल्यास परत मिळावी. ज्या संस्थेने बांधकामाची परवानगी दिली, भोगवटा प्रमाणपत्र दिले आणि त्यावेळी वाहनतळाची मोजणी केली, तिच्याच दप्तरात त्या जागेचा नकाशा आहे. तेव्हा ही चौकशी तिच्याखेरीज अधिक सोयीने दुसरे कोणी करू शकणार नाही. ज्या संकुलाविरुद्ध अशी प्रकरणे वारंवार सिद्ध होतील, त्याची शुल्क घेण्याची मुभा काढून घेण्याचा अधिकारही तिलाच असावा.

आमच्या आर्वीत आज बाजाराला आलेला मनुष्य दुचाकी दुकानाच्या पायरीशी लावतो, आणि तिच्यावर लक्ष ठेवावयास दुकानदारालाच सांगून पुढच्या दुकानात जातो. हे चित्र टिकणारे नाही, आणि टिकावे असा माझा आग्रहही नाही, कारण त्याच दुचाकींतून वाट काढताना म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. पण उद्या येथेही संकुले उभी राहतील तेव्हा त्यांच्या तळघरांचा कारभार कोणत्या नियमाने चालेल, हे ठरविण्याची वेळ संकुले उभी राहण्यापूर्वीची आहे.

सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरास भरविण्याची प्रथा आहे. यंदाच्या हिवाळी अधिवेशनापूर्वी आपल्या खात्याने या दुरुस्तीचा मसुदा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या 37 व्या कलमान्वये हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध करावा, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी जी एक महिन्याची मुदत असते, तिच्या आत आर्वीहून निदान एक लेखी सूचना, 200 रुपयांच्या त्या कपट्याच्या सत्यप्रतीसह, आपल्या कचेरीत दाखल होईल, एवढे मी आजच कळवून ठेवतो.



आपला,
एक ग्राहक
आर्वी, जिल्हा वर्धा